डावी बाही

दातांची डॉक्टर स्वेटर परत घेऊन आली तेव्हा मी एका झबल्याला बंद लावत बसले होते. माझं दार दिवसभर उघडंच असतं. येणारा येतो, उभ्या उभ्या मुलाचं माप सांगतो, लोकरीचा रंग ठरवतो आणि जातो. ती मात्र आत आली आणि तिने दार हळूच लोटून घेतलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिचा दवाखाना आमच्याच इमारतीत खाली, कोपऱ्याला. पोरगी माझ्या सुनेच्या वयाची. तिच्या मुलीच्या अंगाला जन्मल्यापासून माझेच कपडे: दुपटी, टोपडी, लोकरीचे मोजे, आणि आता हा पिवळा, पुढून बटणांचा स्वेटर. तिने तो टेबलावर पसरला, बाह्या दोन्हीकडे सरळ करून ठेवल्या आणि म्हणाली, "काकू, रागावू नका हं. डावी आखूड वाटते."

"वाटते तशी," मी म्हणाले. "मुलं एक खांदा वर करून उभी राहतात. मग एक मनगट उघडं दिसतं." हे उत्तर माझ्याकडे तयार असतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

ती ओशाळली. "मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून मी तिचे हात मोजले. मग ह्यांना मोजायला लावले. माझं माप एक आलं, ह्यांचं दुसरंच. घरात नुसता गोंधळ. शेवटी आमच्या ओळखीचे एक मुलांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेले तिला. ते म्हणाले, हात दोन्ही अगदी सारखे आहेत, तुम्ही स्वेटर का नाही मोजत?" ती हसायला लागली, पण डोळ्यांखाली काळं दिसत होतं. "खरं सांगू का काकू, स्वेटर मोजायचं डोक्यातच आलं नाही. तुमचा म्हटल्यावर." मग तिला एकदम आठवलं की खाली खुर्चीत एकाला तोंड उघडं ठेवून बसवून ती वर आली आहे, आणि ती पळाली.

दुसरी एखादी असती तर सुखावली असती. आईने आपल्या पोटच्या पोरीच्या हातावर संशय घेतला, पण माझ्या बाहीवर घेतला नाही. मला मात्र कसंतरीच झालं. त्या लहान मुलीला उगाच टेबलावर उभं केलं असेल, हात लांब कर, आता दुसरा, हलू नकोस, असं सगळं झालं असेल, आणि चूक इकडे माझ्या घरात तयार झालेली. मी स्वेटर उभा दुमडला, बाहीवर बाही ठेवली. डावी आखूड होती. नीट बोटभर. मी चष्मा पुसला, सुईच्या टोकाने ओळी मोजायला लागले. दोन्हीकडे ओळी सारख्याच. टाके सारखे. टाके वाढवले तेही त्याच त्याच जागी. लोकर एकाच लडीतली, सुया त्याच, माझ्या जुन्या, टोकं झिजलेल्या. सगळं सारखं असून बाही आखूड, म्हणजे मग एकच गोष्ट उरत होती, आणि ती माझ्या मांडीवर निमूट पडलेली होती. मी माझ्या हातांकडे बघितलं. नखं कापायला झाली होती, एवढंच त्यांच्याकडे बघून कळत होतं.

विणणाऱ्या प्रत्येक बाईचा हात वेगळा असतो. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. दोघींना तीच लोकर आणि त्याच सुया दिल्या, तेवढेच टाके घालायला सांगितले, तरी एकीचा स्वेटर दुसरीच्या मुलाला व्हायचा नाही. म्हणून एकीने सुरू केलेलं दुसरीने पुरं करायचं नाही, हे विणणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असतं. मला शिकवलं ते मावशीने. ती माझा तुकडा हातात घ्यायची, डोळे मिटून त्याच्यावरून अंगठा फिरवायची आणि सांगायची, इथे तुला कुणीतरी हाक मारली, इथे तू रडकुंडीला आली होतीस, इथून पुढे नुसत्या डुलक्या. मला ती जादू वाटायची. पुढे कळलं की जादूबिदू काही नाही. धागा बोटावरून जातो. बोट आवळलं की धागा आवळतो, आणि प्रत्येक टाका केसभर लहान होतो. केसभर म्हणजे काहीच नाही. पण अख्खी बाही केसभर केसभराने चोरली की ती बोटभर आखूड होते. डोळ्यांना पत्ता लागत नाही. विणणारीला तर नाहीच नाही.

हे मला अनुभवानेही माहीत होतं. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा मी त्यांच्या खाटेशेजारी बसून एक टोपी विणली. बाळाच्या डोक्याची म्हणून सुरू केली, पुरी झाली तेव्हा फार तर माझ्या मुठीवर बसली असती. टेबलावर ठेवली की वाटीसारखी आपली आपण उभी राहायची. त्यांनी ती हातात घेऊन दाबून बघितली, दबेना, तेव्हा म्हणाले, "एवढी घाबरू नकोस, मी आहे अजून." पुढे ते फार दिवस राहिले नाहीत, तो भाग वेगळा. सांगायचं एवढंच की भीती हातात उतरते हे मला नवीन नव्हतं. पण हा पिवळा स्वेटर विणताना भ्यायचं काय कारण होतं? मी तर आनंदात होते. इतक्या वर्षांत नव्हते एवढी आनंदात होते, आणि ते मी सगळ्यांना सांगितलंही होतं.

माझी पद्धत अशी, की आधी पाठ, मग पुढचे दोन भाग, मग बाह्या. आणि एक बाही झाली की ती लगेच अंगाला जोडून टाकायची. दोन्ही बाह्या झाल्यावर एकीवर एक ठेवून बघायची आणि मगच जोडायची, असं मावशी बजावून सांगायची. पण सुटे हात घरभर पडलेले मला आवडत नाहीत. तिथेच चुकलं. मी ओळी मोजल्या, बाही मोजली नाही. उजवी जोडून झाली होती आणि एका हाताचा तो स्वेटर टोपलीत पडला होता, तेव्हा मुलाचा फोन आला. ते दुसऱ्या गावात असतात, तो आणि सून. तिला दिवस गेल्याची बातमी आधीच कळली होती. तो म्हणाला, "आई, आता खूप झालं तुझं एकटं राहणं. बाळ यायच्या आत तू इकडे ये. चार दिवस पाहुणी म्हणून नाही, कायमची. ती जागा सोडून दे." मी काही बोलायच्या आत म्हणाला, "हिलाही तेच वाटतं. विचार हवं तर." मागून सुनेचा आवाज आला, "हो आई, याच तुम्ही." मी म्हणाले, "येते की. न यायला काय झालं?" इतकं सोपं होतं ते. फोन ठेवल्यावर मी पदराने डोळे पुसले हे मला स्वच्छ आठवतं, आणि ते पाणी आनंदाचंच होतं, कारण आणखी कशाचं असणार? मग मी पिवळ्या लोकरीचा गुंडा मांडीवर घेतला आणि डाव्या बाहीचे टाके सुईवर घातले.

दुपारी दारावर टकटक झाली. माझ्यानंतर जागा घेणारं जोडपं होतं. घरमालकांना मी तेव्हाच सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी लगेच माणसं बघितली. महिनाअखेरीला मुलगा सामानाची गाडी घेऊन येणार, आणि दुसऱ्या दिवशी हे दोघं राहायला. दोघंही अगदी सालस. पडद्यांसाठी खिडकी मोजायची होती आणि टेप घरी विसरली होती, म्हणून त्यांनी माझीच मागितली. मी दिली. गळ्यातून काढून. तो स्टुलावर चढला, ती खाली उभी राहून आकडे लक्षात ठेवत होती. मग त्यांनी भिंत मोजली. "काकूंची मशीन आहे ना, तिथे आपलं कपाट येईल," ती हळू आवाजात म्हणाली, मला ऐकू जाऊ नये इतपत हळू, पण खोली केवढीशी. शिवणाच्या मशीनशेजारच्या फरशीवर तेलाचा एक डाग आहे, वर्षानुवर्षांचा. तिने पायाच्या अंगठ्याने तो जरा घासून बघितला. जाताना तिने विचारलं, "काकू, जागा सोडताना जड जात असेल ना?" "छे गं," मी म्हणाले, "नातवंडाकडे चालले आहे मी." ती गेल्यावर बोटाला मुंग्या आल्यासारखं झालं म्हणून खाली बघितलं, तर बोलता बोलता मी लोकरीचा एक तुकडा तर्जनीला गुंडाळला होता, आणि बोटाचं टोक पांढरंफटक पडलं होतं. मी तो सोडवला. रक्त परत यायला थोडा वेळ लागला.

सुनेचं माझं वाकडं असं काही नाही. असतं तर बरं झालं असतं, सांगायला सोपं गेलं असतं. मागच्या वर्षी मी त्यांच्याकडे राहून आले. दोघींनी एकमेकींची इतकी काळजी घेतली की दोघीही दमून गेलो. ती बिनसाखरेचा चहा पिते म्हणून मी तसाच प्यायला लागले. मला गोड लागतो म्हणून तिने आपल्याही चहात साखर घालायला सुरुवात केली. आणि रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसून नको असलेला चहा हसतमुखाने पीत होतो. मी भांडी घासून एका फळीवर लावायची, मी आंघोळीला गेले की सून ती गुपचूप दुसऱ्या फळीवर लावायची, आणि बाहेर आल्यावर मी ते न बघितल्यासारखं करायची. मला त्यांनी जी खोली दिली ती तिची कामाची. तिने तिचं टेबल घडी करून भिंतीला लावलं होतं आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसायची. मी म्हणाले, "अगं, इथे बस की." ती म्हणाली, "नको आई, तुम्ही आराम करा." मला आराम करता येत नाही. मी पलंगाच्या कडेला बसून विणायची, आणि लोकरीचा गुंडा घरंगळला की चोरासारखी पटकन उचलायची. मुलगा संध्याकाळी यायचा, आम्हा दोघींना एका घरात बघून त्याचा चेहरा असा काही फुलायचा की त्याला काही सांगायची सोयच नव्हती. परत आल्यावर मी या खोलीचं कुलूप उघडलं, चप्पल न काढता मशीनसमोर बसले आणि काही न शिवता नुसतं पायडल मारलं, कितीतरी वेळ. त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

पिवळा स्वेटर बाजूला ठेवून मी कपाट उघडलं. एक शंका आली होती आणि ती फिटल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. शिवलेल्या कपड्यांना हात लावला नाही; मशीनचा टाका एकसारखा पडतो, बाई हसत असो की रडत. विणलेलं तेवढं बाहेर काढलं. मुलाच्या फोनच्या आधीचं एकीकडे ठेवलं, नंतरचं एकीकडे. आधीचे मोजे, टोपडी, एक बिनबाह्यांचा स्वेटर, सगळं हातात घेतलं की मऊ पडत होतं. नंतरचं तसं नव्हतं. खरबरीत नाही, वाईट नाही, उलट दिसायला जास्त सुबक. गिऱ्हाइकाने कौतुक केलं असतं. पण अंगठ्याखाली ते ताठ लागत होतं. आणि सगळ्यांत तळाशी, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेलं, माझ्या नातवंडाचं होतं. पांढरं. त्यासाठी मी मुद्दाम वेगळी लोकर आणली होती, दुकानदाराला सगळे गुंडे खाली काढायला लावून, गालाला लावून बघून. एक अंगडं आणि त्यावरची टोपी. मी ते उलगडलं आणि अंगठा फिरवला. ते सगळ्यांत घट्ट होतं. पुठ्ठ्यासारखं. तान्ह्या बाळाचा दंड त्या बाहीत गेला असता, पण वाकला नसता. मी ते हातात धरून उभी राहिले, आणि मला लाज वाटली. त्या बाळाबद्दल माझ्या मनात काडीइतकंही वाईट नाही. ते मला हवं आहे, त्याचा वास घ्यायचा आहे, त्याला मांडीवर घेऊन बसायचं आहे. एवढं सगळं खरं असून मी त्याच्यासाठी हे विणलं होतं. मग मला जे दिसलं ते इतकं साधं होतं की त्यासाठी कपाट उपसायची गरज नव्हती. मला तिकडे राहायला जायचं नव्हतं. मी हो म्हणाले होते, सगळ्या इमारतीला सांगितलं होतं, सगळ्यांनी नशीब काढलंत म्हणून कौतुक केलं होतं, आणि मी ते खरं धरून चालले होते. फक्त हात त्या गोष्टीला कबूल झाले नव्हते.

आता माणसाने हातांचं किती ऐकावं? उद्या हेच हात म्हणतील, विणायलाच नको. म्हातारपणी बोटं आखडतातच. थंडीही असेल. मी एवढी कारणं शोधली की मलाच हसू आलं. शेवटी मी खुर्चीत बसले, सुयांवर थोडे टाके घातले आणि नुसता एक तुकडा विणायला घेतला. विणताना मनाशी ठरवलं, की जागा सोडत नाही. महिनाअखेरीला गाडी येणार नाही. मशीन आहे तिथेच राहील. खोटं खोटंच ठरवून बघितलं, मूल खोटं खोटं भांडी मांडतं तसं. बोटांना काय वाटलं देव जाणे. पण माझ्या खांद्यांमधून काहीतरी खाली उतरलं आणि मला चक्क जांभई आली. विणलेला तुकडा मोजून बघायचं माझ्या लक्षातही राहिलं नाही. मी फोन घेतला.

मुलाला लावणार होते, लावला सुनेला. त्याला सांगितलं असतं तर त्याने समजूत घातली असती. तो फार छान समजूत घालतो, आणि मी पुन्हा हो म्हणाले असते. तिने लगेच उचलला. "बोला आई. बरं आहे ना?"

"बरं आहे. तू आडवी पडली होतीस का?"

"नाही, पाय वर करून बसले आहे. सूज आहे थोडी."

मी काही वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी बाजूला राहिली. "मी राहायला येत नाही," मी म्हणाले. "म्हणजे बाळंतपणाला येईन. म्हणशील तितकं राहीन. पण मग परत इथे येईन. जागा सोडत नाही मी. घरमालकांना आजच सांगते."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "माझं काही चुकलं का?"

"नाही गं. तुझं काही नाही. मला माझ्या घरात राहायचं आहे."

फोन कटला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला. मग तिचा आवाज आला, जरा लांबून, तोंडावर हात ठेवून बोलावं तसा. "आई, एक बोलू? मनाला लावून घेणार नाही ना?"

"बोल."

"तुम्ही कायमच्या येणार म्हटल्यापासून मला धड झोप नाही. त्याला नाही बोलले मी. तो इतका खूश होता. आणि तुम्ही काही वाईट वागता म्हणून नाही हो, शपथेवर सांगते. तुम्ही काही बोलतच नाही. मी काही केलं की तुम्ही छान म्हणता. मला सारखं परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, आणि निकाल कधी लागतच नाही. बोलायला नको होतं का मी?"

मला लागलं. चांगलंच लागलं, छातीत, डाव्या बाजूला, दुखणं वाटावं इतकं. जे मी स्वतः आत्ता बोलले होते तेच ती बोलली होती, तरीही. नको म्हणायचा हक्क फक्त माझा आहे, तिकडे सगळे माझी वाटच बघत बसले आहेत, असं मी धरून चालले होते. "याच तुम्ही" म्हणणारा तिचा आवाज मला आठवला. माझ्या "येते की" सारखाच तो होता.

"बोललीस ते बरं केलंस," मी म्हणाले. हे मात्र छान म्हणायचं म्हणून म्हणाले नाही, आणि बहुतेक ते तिला कळलं, कारण तिने मोठ्याने श्वास सोडला.

"पण आता त्याला कोण सांगणार?" ती म्हणाली.

"तू सांग. तुझा नवरा आहे."

"मी सांगितलं तर त्याला वाटेल मीच तुम्हाला नको म्हणाले. तुम्ही सांगा. तुमचा मुलगा आधी."

"मी सांगितलं तर आजच्या आज गाडी काढून इथे येऊन बसेल."

"मग रुसेल."

"रुसेल तर रुसेल. लहानपणी रुसला की पलंगाखाली जाऊन बसायचा."

"आमच्या पलंगाखाली नाही मावणार," सून म्हणाली, "पोट सुटलंय त्याचं," आणि ती हसली. एकदा सुरू झाली ती थांबेचना. मधेच आई गं म्हणाली, बाळाने लाथ मारली असावी, आणि पुन्हा हसायला लागली. तिच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं. छातीतलं दुखणं तसंच होतं. मी राहायला येणार नाही म्हणून ती एवढी मोकळी हसते आहे, हे मला कळत होतं, आणि तरी मी फोन कानाशी घट्ट धरून ते ऐकत राहिले.